ओट्यावरचं पाऊल

"तुम्हाला असं चालायला शिकवलं कुणी?" असं त्या फिजिओ मॅडमनी विचारलं आणि इंद्रायणीला एकदम वाटलं, की आपल्या मागं कुणीतरी येऊन उभं राहिलंय. म्हणजे तळेगावातला तो साधा दवाखाना, भिंतीवर पाठीच्या कण्याचं चित्र, कोपऱ्यात मोठाले रबरी चेंडू, खाली रिक्षांचा थांबा आणि भरदुपार, त्यात घाबरण्यासारखं होतं तरी काय? पण तिनं वळून बघितलंच. मागं फक्त तिचे बूट होते, हॉटेलातल्या नोकरीचे काळे, दाराशी काढलेले, आणि ते दोन्ही बाहेरच्या बाजूला कलले होते, जणू कुणी त्यांच्यात अजून उभं होतं आणि कडेवर तोल सांभाळत होतं. पद्मजा मॅडम, फिजिओ, तिच्याहून जेमतेम चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील, त्यांनी खाली खाकी कागद अंथरला होता, ओल्या पायांनी इंद्रायणीला त्यावर उभं केलं होतं, आणि आता त्या उकिडव्या बसून एकदा कागदाकडं, एकदा बुटांकडं बघत होत्या. कागदावर पाऊल उमटलं होतं. भरलेलं, टाचेपासून बोटांपर्यंत सगळं, मधे कुठं खळगाच नाही, भाकरी थापताना हाताचा पंजा उमटावा तसं. "हे बघा, हा सपाट पाय. फ्लॅट फूट. अशा माणसाची चप्पल आतल्या बाजूनं झिजते. तुमचे बूट बाहेरच्या कडेनं झिजलेत. पाय एक सांगतोय आणि बूट दुसरंच. म्हणजे तुम्ही सतत पाय उचलून धरताय, कडेवर चालताय. झोपेतून उठल्यापासून. स्नायू काय करतील बिचारे? ओरडतायत ते." मग त्यांनी तिला चवड्यांवर उभं राहायला सांगितलं, आणि मांजर पाठ काढतं ना, तशी तिच्या तळव्याला कमान आली, सुरेख, चित्रातल्यासारखी. "खाली या." आली. कमान गेली. "परत वर." आली. इंद्रायणी खाली मान घालून बघत राहिली. एकाच पायात दोन पाय होते. एक वर असताना दिसायचा, एक टेकल्यावर.

"हा काही रोग नाही हं," मॅडम म्हणाल्या, "ही ठेवण आहे पायाची. कित्येकांची असते, त्यांना आयुष्यभर कळतही नाही. दुखतंय ते सपाट आहे म्हणून कमी आणि लपवताय म्हणून जास्त." लपवताय हा शब्द त्यांनी सहज वापरला असणार. पण इंद्रायणीचे कान तापले. मॅडम पुढं सांगतच होत्या, पाण्याची बाटली गोठवून तळव्याखाली फिरवा, भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणा, खाली पंचा टाकून पायाच्या बोटांनी गोळा करा, बुटात आधार देणारा सोल घाला, गुळगुळीत फरशीवर अनवाणी तासन्‌तास उभ्या राहू नका, आणि मुख्य म्हणजे पाय टेका. "पूर्ण पाय टेका. आहे तसा. सुरुवातीला विचित्र वाटेल." ती हो म्हणाली. बूट घातले, जिना उतरली, रस्त्यावर आली आणि पहिलंच पाऊल पूर्ण टेकायला गेली तर जमेचना. म्हणजे पाय टेकायच्या आधीच आपोआप कलायचा, जसं गरम तव्यावरून बोट आपोआप मागं येतं. हॉटेलात रिसेप्शनला उभं राहून राहून दुखतंय असं ती वर्षभर समजत होती. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेच्या पुढं काच टोचायची, दुपारनंतर घोट्याच्या आतल्या अंगानं कुणी दोरी पिळल्यासारखं व्हायचं, आणि पाहुण्यांना हसून कोकम सरबत देता देता तिला फक्त एवढंच दिसायचं, की काउंटरच्या आतली खुर्ची किती लांब आहे. मॅनेजरनं परवाच ऐकवलं होतं, असं लंगडत वावरायचं असेल तर नोकरीचं दिवाळीनंतर बघू. आणि दिवाळीनंतर तर लग्न होतं.

लोकलमध्ये खिडकी मिळाली. वडगाव गेलं, कामशेत गेलं, डोंगरांवर तेरडा फुलून नुसता गुलाबी धूर झाला होता, आणि ती मात्र त्याच प्रश्नाला चिकटून बसली. शिकवलं कुणी? चालायला कुणी शिकवतं का? आणि मग आठवायला लागलं, तेही सरळ नाही, पायांच्या उंचीवरून. आंघोळ करून ती मोरीतून बाहेर यायची, चार-पाच वर्षांची असेल, ओली, थंडीनं कुडकुडत, आणि मागून आईचा हात यायचा. फडकं घेतलेला. नंदाबाई लेकीचं अंग पुसायच्या आधी तिची पावलं पुसायची. फरशीवर उमटलेली, एकेक. इंद्रायणी पुढं पळायची, आई मागून रांगत पुसत यायची, तिला वाटायचं हा खेळच आहे, ती मुद्दाम नाचायची, घरभर ठसे करायची, आणि हसत मागं वळून बघायची तर आई हसत नसायची. हे तिनं कुणालाच कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे हेच तिला माहीत नव्हतं. सगळ्यांच्याच आया पुसत असतील. आणि मग गौराई. वराळ्याला, गावी, त्यांच्या घरी रीत अशी, की तेरड्याची गौराई घरच्या लेकीनं आणायची, ओट्याशी पाय धुऊन कुंकवाच्या पाण्यात बुडवायचे, आणि तसंच देवघरापर्यंत चालत जायचं. ती सात वर्षांची झाली तेव्हा पहिल्यांदा तिच्या हातात गौराई दिली. आदल्या दुपारी आईनं तिला चुलीच्या मागं नेलं, घोटा धरला, घट्ट, बांगड्या रुतल्या, आणि म्हणाली, "कडंवर. भायेरच्या कडंवर पाय टेकव. आसं. आतली बाजू वर धर." पुन्हा. पुन्हा. राखेवर चालवलं तिला. राखेत खळगा दिसेपर्यंत. मग आईनं राख सारखी केली आणि म्हणाली, "आता आसंच चालायचं. कायम. म्हंजी इसरायला नगं."

म्हणजे शिकवलं होतं. आणि ती ते विसरून गेली होती, आणि पाय विसरला नव्हता.

लोणावळ्याला उतरली तेव्हा ढग रस्त्यावर येऊन बसला होता. भाद्रपदात तिथं असंच असतं, हॉटेल दरीच्या अंगाला, समोरचा माणूस आधी बोलतो आणि मग दिसतो, आणि लॉबीतली फरशी दिवसभर घामेजलेली. अशा फरशीवर सगळं उमटतं. सूटकेसची चाकं, पोरांचे तळवे, कुत्र्याचे पंजे. लॉबी पुसायला आंबीचा सत्यम होता, हसरा, तोंडाळ. त्यानं तिला बघितल्या बघितल्या पोछा उभा धरला आणि म्हणाला, "मॅडम, तुमी लॉबीत लंगडी खेळता व्हय?" ती म्हणाली, "का रे, आजच माझी चेष्टा करायची ठरवलीस?" "चेष्टा न्हाई ओ. रोज सकाळी दाराच्या आत एक पाय असतो. ओला. उजवा. एकच. दुसरा न्हाईच. मी म्हनलं गेस्टचा असंल, पर गेस्ट काय एका पायावर येतोय? कपल बी असलं तरी चार पाय पायजेत." आणि तो खो खो हसला. तिनं हसून विचारलं, "तोंड कुठं असतं?" "कुनाचं?" "पायाचं रे. आत की बाहेर?" सत्यमनं जरा आठवलं. "आत. येतानाचा हाय. जातानाचा न्हाई." तिनं फार सहज विचारल्यासारखं केलं, की मधे खळगा असतो का, आणि तो म्हणाला, "खळगा कसला, नुसता फताडा पाय." एवढं बोलून तो कोपऱ्यात वळला, आणि तिनं दाराकडं बघितलं. काच, काचेबाहेर पांढरं, काहीच नाही. पण उजव्या पायाचा तळवा बुटाच्या आत, मोज्याच्या आत, गार पडला. जसा ओल्या सिमेंटमध्ये पडेल तसा, असं तिच्या मनात आलं, आणि मग लगेच दुसरं मनात आलं, की ओल्या सिमेंटमध्ये आपण कधी पाय ठेवलाय? कधीच नाही. मग हे कुठून माहीत?

ओट्यावरची लक्ष्मी. आता ती तिला आठवली, आणि खरं तर ती आठवायची वस्तूच नव्हती, दाराच्या कडीसारखी कायमची होती. वराळ्याच्या घराचा ओटा, सिमेंटचा कोबा, आणि उंबऱ्यापासून हातभर अलीकडं त्या कोब्यात रुतलेलं एक पाऊल. उजवं. आत येणारं. तिच्या जन्माच्या आधीचं. आबांनी, म्हणजे आजोबांनी, रखमाजींनी, सगळ्या गावाला सांगितलं होतं, की कोबा ओला असताना दुपारची लक्ष्मी घरात आली. रोज त्यावर हळदकुंकू पडायचं, पावसाचं पाणी साचलं की चिमण्या त्यातून प्यायच्या, आणि गौराई आणणाऱ्या लेकीनं उजवा पाय आधी त्या पावलात टेकायचा आणि मगच उंबरा ओलांडायचा. लहानपणी तिनं आबांना विचारलं होतं, "आबा, लक्ष्मीचा दुसरा पाय कुटं?" आणि आबा पानाला चुना लावता लावता थांबले, म्हणाले, "दुसरं पाऊल आत पडलं, बाळ. घरात. म्हनून तर आपलं बरं चाललंय." त्यानंतर कितीतरी दिवस ती घरात दुसरा पाय शोधायची. कणगीमागं, पलंगाखाली. अंधारात हात घालून फरशी चाचपायची. सापडेल या भीतीनं.

श्रीयशचा फोन आला तेव्हा ती हॉटेलच्या क्वार्टरमध्ये पलंगावर बसून गोठवलेली बाटली तळव्याखाली फिरवत होती. दिवाळीनंतरचं लग्न त्याच्याशीच ठरलं होतं. श्रीयश तळेगावचा, बँकेत, चांगला मुलगा, तिला हसवायचा. "ऐक ना, आईनं पांढरं कापड आणलंय. काठ पैठणीचा आहे. गृहप्रवेशाला तू त्याच्यावरनं चालायचं, कुंकवाची पावलं, मग त्याची फ्रेम. हॉलमध्ये, टीव्हीच्या वर." "माझे पाय टीव्हीच्या वर?" "मग! मॅचमध्ये विकेट पडली की तुझ्या पायगुणावर ढकलता येईल." ती हसली. हसता हसता बाटली घरंगळली आणि पलंगाखाली गेली. "आणि आई उद्या गौरीला तुमच्याकडं येतीये हं वराळ्याला. तुला गौर आणताना बघायचीय म्हणे." तिनं हो म्हटलं, फोन ठेवला, आणि बाटली काढायला पलंगाखाली हात घातला. गार फरशी. तिचा हात थांबला. कितीतरी वर्षांनी पुन्हा तेच वाटलं, की सापडेल. तिनं बाटली तिथंच राहू दिली.

सकाळच्या पहिल्या गाडीनं ती घरी आली. ओंकार, तिचा भाऊ, आंबीच्या कंपनीतून रजा काढून घरी होता, मोटरसायकल पुसत होता. त्याची बायको कोमल, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, ती पुरण वाटत होती. आप्पा, दत्तोबा, वडील, नेहमीसारखे ओट्याच्या टोकाला, रस्त्याकडं तोंड करून. ते कायम तसेच बसायचे. कुणाची वाट बघतायत असं कुणालाही वाटलं असतं, फक्त घरातल्यांना वाटत नव्हतं, कारण घरातल्यांनी त्यांना दुसरं कसं बसलेलं बघितलंच नव्हतं. इंद्रायणीनं चपला काढल्या, पाय धुतले आणि स्वयंपाकघरात गेली. पूर्ण पाय टेकायचा. आहे तसा. तिनं टेकला. एक पाऊल, दुसरं पाऊल. इतकं विचित्र, इतकं मोठं वाटलं ते, जणू पाय आजवर मूठ आवळून होता आणि आता उघडला, आणि त्या उघडण्यात दुखणं जरा सैल झालं, पण त्याबरोबर असंही वाटलं, की हे पाऊल आपण टाकलं नाही, कुणीतरी आपल्यातून टाकलं. मागं भांडं आपटल्याचा आवाज झाला. नंदाबाई खाली बघत होती. शहाबादी फरशीवर ओली, भरलेली पावलं, दारापासून चुलीपर्यंत. आणि नंदाबाई, गुडघे धरलेली, उठता बसता आई गं म्हणणारी, झटकन फडकं घेऊन खाली बसली आणि पुसायला लागली.

इंद्रायणीनं तिचं मनगट धरलं. "आई, पुसू नको."

"सोड. समदे येतील."

"कुणाची आहेत ही?"

"कुनाची म्हंजी? तुजीच की."

"मग पुसतेस कशाला? माझे पाय मोडायची वेळ आली, आई. डॉक्टर म्हणतात असंच कडेवर चालत राहिलीस तर उभं राहता येणार नाही. तू मला राखेवर चालवलंस. का चालवलंस?"

नंदाबाईनं कोमलकडं बघितलं. कोमलनं शहाण्यासारखं पातेलं उचललं आणि "मी परसात तेरडा निवडते" म्हणत निघून गेली. मग नंदाबाई तिथंच फरशीवर बसली, फडकं मांडीवर, आणि बोलायला लागली, फडक्याशीच बोलल्यासारखी. "तुजी चंपाआत्या. तुला सांगितलं व्हतं न्हवं, तापानं गेली म्हून. ताप न्हाई नं काय न्हाई. पवन मावळात दिल्याली. लग्नाच्या दिवशी सासरी कुंकवाची पावलं उमटली आन सासू म्हनली, हिच्या पावलाला खळगाच न्हाई, ही घराचं समदं पुसून न्हेनार. मग म्हस मेली तरी वन्संचा पाय, आन पाऊस पडला न्हाई तरी वन्संचा पाय. सा म्हयन्यांनी काढून दिल्या. मी तवा हितं नवी. ओट्याचा कोबा केल्याला, गवंडी जेवायला गेल्याला. आमी समदे पडवीत पंगतीला. आन वन्सं आल्या. हातात पिशवी, पायात काय न्हाई, चालत आल्यावानी. उजवा पाय टेकला त्यांनी, त्यो रुतला. थांबल्या. आमच्याकडं बघितलं." बाहेर ओंकारनं गाडी सुरू करून बघितली, बंद केली. "मग?" "मग काय. आमी समदे त्या पायाकडं बघत व्हतो, इंदू. आबा, तुजं आप्पा, मी. कोबा नासला म्हून बघत आसू, का आनखी कशापायी. तोंडाकडं कुनीच बघितलं न्हाई त्यांच्या. लय येळ. एक मानूस म्हनला न्हाई, ये. मला म्हनायचं व्हतं. पर सासऱ्याफुडं बोलायची रीत न्हवती, आन माज्या तोंडात घास व्हता. त्यांनी हळूच पाय वर काढला. मागं फिरल्या. दुसरं पाऊल पडलंच न्हाई गं ह्या घरात."

"शोधलं नाही?"

"शोदलं. संद्याकाळी. देहूरोडच्या ठेसनावर बसल्याली बघितली म्हनं कुनीतरी. मग कुटंच न्हाई. गवंडी आला, थापीनं सारखं करतो म्हनला, तर आबा म्हनले, ऱ्हाऊ दे. लक्ष्मीचं पाऊल हाय." तिनं फडकं पिळलं, कोरडंच होतं ते. "आन मग तू झालीस. चालायला लागलीस. पयल्यांदा वलं पाऊल उमटलं तुजं, तवा मला वाटलं, आल्या. आत आल्या. आता ह्या बोलनार." आणि मग एकदम तिनं इंद्रायणीचे दोन्ही पाय धरले, पाया पडल्यासारखे, आणि म्हणाली, "आजच्या दिवस कडंवर चाल. श्रीयशची आई येनार हाय. आजच्या दिवस. आन लग्नात. मग टेकव काय टेकवायचा त्यो."

आईच्या हाताखाली इंद्रायणीचे पाय होते आणि ते आपले आहेत की नाहीत याची तिला खात्री वाटत नव्हती. तिला श्रीयश हवा होता. टीव्हीच्या वरचं ते कापडही हवं होतं, त्याचे विनोद हवे होते. एक दिवस कडेवर. मग लग्नाचा दिवस. मग पुढची गौर त्यांच्या घरी, मग बाळ, मग त्या बाळाचं पाऊल, आणि त्याच्यामागं फडकं घेऊन रांगणारी ती स्वतः. हे सगळं तिला एका झटक्यात दिसलं, फरशीवर उमटत गेल्यासारखं.

दुपार कलली. विहिरीवरून ती निघाली तेव्हा झिमझिम होती, डोक्यावर पदर, हातात तेरड्याची गौराई, पुढं कोमल ताट वाजवत, आजूबाजूला बायका. "इंदे, औंदा शेवटची गौर गं तुजी!" "पुढल्या साली तळेगावात, फ्लॅटात, लिफ्टनं आनायची!" असं चाललं होतं. ती हसत होती आणि तिचं सगळं लक्ष तळव्यांत होतं. खडी. चिखल. गवत. पाय आपोआप कलत होता. सवय. आणि तिला जाणवलं, की मागं अजून कुणीतरी चालतंय, बायकांच्याही मागं. ताटाच्या ठोक्यावर सगळ्यांची पावलं पडत होती आणि ते एक जरा उशिरा पडत होतं. चप, असं. भरलेलं. कुठंच न कललेलं. तिनं वळून बघितलं नाही. गौराई आणताना मागं बघायचं नसतं, ही रीतच होती, आणि ती रीत का पडली असेल हे तिला पहिल्यांदाच समजल्यासारखं वाटलं.

ओटा आला. कोमलनं तिचे पाय धुतले आणि पुन्हा ताट वाजवायला घेतलं, परातीतल्या कुंकवाच्या पाण्यात तिनं ते बुडवले. उंबऱ्याच्या आत आई, हातात निरांजनाचं ताट. तिच्या बाजूला खुर्चीवर श्रीयशची आई, नीटनेटकी, मांडीवर पर्स. ओट्याच्या टोकाला आप्पा, ओंकार मोबाइलवर शूटिंग करतोय. आणि मधे ते पाऊल, हळदकुंकवानं माखलेलं, तळाशी पावसाचं पाणी साचलेलं. वीस वर्षांत कितीदा तिनं त्यात पाय टेकला असेल, पण कायम कडेवर, म्हणजे टेकला असं नाहीच, नुसता टांगून धरला. आईचे डोळे तिच्या पायावर होते. कडंवर, असे डोळे. इंद्रायणीनं उजवा पाय उचलला. पोटरीत गोळा आला, घोट्याच्या आतली ती दोरी पिळली गेली, आणि दुखणं इतकं सरळ, इतकं ओळखीचं वर आलं, की तिला वाटलं हे दुखणं आपलं नाही, हे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं एका पायावर उभं राहिल्याचं दुखणं आहे. तिनं पाय टेकला. पूर्ण.

बसला. कुठं फट नाही, कुठं अडलं नाही. अंगठ्याच्या जागी अंगठा, करंगळीच्या जागी करंगळी, आणि मधे जिथं खळगा असायचा तिथं गार सिमेंट तळव्याला खालून येऊन भिडलं. कुणी तळहात लावावा तसं. साचलेलं पाणी कडेनं लाल होऊन बाहेर आलं. ताट वाजायचं थांबलं. सगळे बघत होते. ओंकार, बायका, श्रीयशची आई, आप्पा. सगळे तिच्या पायाकडं. तोंडाकडं कुणीच नाही. आणि तिला कळलं, हेच ते, हीच ती दुपार, हे असं असतं, समोर माणसं असतात, ओळखीची, आणि त्यांना तोंडं नसतात, नुसती झुकलेली डोकी असतात. पाय काढून घ्यावा. हळूच. मागं फिरावं. तिच्या गुडघ्यानं तशी हालचाल सुरूसुद्धा केली.

"कुनाच्या पावलांनी आलीस?" आई म्हणाली. रीतीचाच प्रश्न, दरवर्षीचा, उत्तर लक्ष्मीच्या असं द्यायचं.

"चंपाआत्याच्या," इंद्रायणी म्हणाली.

ओट्याच्या टोकाला आप्पांच्या घशातून काहीतरी आलं, खाकरल्यासारखं, आणि ते उठून उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा रस्त्याकडं पाठ करून घराकडं बघायला लागले. नंदाबाईनं ताट वर उचललं. तिनं आधी इंद्रायणीच्या तोंडाकडं बघितलं. नीट, कपाळापासून हनुवटीपर्यंत. आणि मग तिच्या खांद्याच्या वरून, मागं, थोडं उंच, तिथंही तसंच नीट बघितलं.

"या," ती म्हणाली. "आत या. लय येळ उभ्या ऱ्हायलात." आणि दारातून बाजूला सरकली. एक बाई आत यायला जेवढं सरकावं लागतं, त्याच्यापेक्षा जरा जास्तच.

इंद्रायणीनं डावा पाय उचलला आणि उंबऱ्याच्या आत टेकला. पूर्ण. मग उजवा. मग तिनं मोजलं नाही, बघितलं नाही, ती चालत राहिली, पडवीतून माजघर, माजघरातून देवघर, आणि शहाबादी फरशी तळव्यांना इतकी लागत होती, इतकी सगळीकडून लागत होती, की तिला रडू यायला लागलं. गौराई बसली. आरती झाली. कुणीतरी तिला खुर्ची दिली. श्रीयशची आई तिच्या शेजारी येऊन बसली, बराच वेळ कुंकवानं भरलेल्या तिच्या पायांकडं बघत राहिली. "फार दुखत असेल ना गं?" त्या म्हणाल्या. एवढंच. मग पर्समधून रुमाल काढून त्यांनी तिच्या हातात ठेवला. पुढं त्या घरी जाऊन काय बोलतील, कापडाचं काय होईल, तिला माहीत नव्हतं, आणि त्या क्षणी विचारावंसंही वाटलं नाही, कारण पाय टेकलेले होते.

बायका पांगल्या. कोमल बादली आणि फडकं घेऊन माजघरात आली, कुंकू वाळलं की फरशीवरनं निघत नाही म्हणून. आणि दारातच थांबली. खाली बघत. देवघरापर्यंत गेलेली पावलं, सगळी भरलेली, कशालाच खळगा नाही, आणि त्यांच्या शेजारून, जरा मागं जरा पुढं, सोबत चालल्यासारखी, तशीच आणखी पावलं.

"इंदूताई," कोमल म्हणाली, "तुमी दोनदा आत आलात का ओ?"

नंदाबाईनं तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं, घडी केली, आणि कमरेला खोचलं. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "वाळू दे."